नळीचे चार वेढे

हे मी आजवर कोणाजवळ बोललेले नाही. आईजवळही नाही. तुम्हालाच का सांगते आहे—माहीत नाही.

वैशाली नगरच्या आमच्या घरात दादाने जुन्या फ्रिजच्या दाराला भोक पाडून बीअरचा नळ बसवला होता. आत त्याने स्वतः बनवलेल्या बीअरचं पिंप, गॅसचं छोटं सिलिंडर आणि पिंपापासून नळापर्यंत बारीक नळीचं मोठं वेटोळं. रायपूरला मित्रासोबत ताज्या बीअरचा बार काढायचं त्याच्या मनात होतं. बाबा म्हणाले होते, रविवारी काकांसमोर पाजून दाखव. जमलं तर जा, नाहीतर जामुलच्या सिमेंट कारखान्यात लाग.

त्या रविवारी आईने दहीवड्यांचं पातेलं माझ्या हातात दिलं. ते फ्रिजमध्ये मावेना. वेटोळं आड येत होतं. वीतभर अंतराला एवढी लांब नळी कशाला? दादाला विचारता आलं असतं. पण विचारणं—मला तेच तर जमत नाही. नळीत बीअर अजून सोडलेली नव्हती. मी कात्रीने चार वेढे कापले, टोक परत नळाला बसवलं. उलट नीटनेटकं दिसायला लागलं.

मग नुसता फेस. दादाने गॅस कमी केला, ग्लास गार केले, तिरपे धरले. फेसच.

"ब्रश आन गा, दाढी करून घेतो," काका म्हणाले.

"कारखान्याच्या गॅस लाइनवर जिंदगी गेली माही," बाबा म्हणाले, "अन् पोरगा साबणाचं पानी पाजून राहिला मले."

मी स्वयंपाकघरात फोनवर शोधलं. लांब नळीत बीअरचा जोर हळूहळू कमी होतो. आखूड नळीतून ती उसळत येते. म्हणजे मला कळलं होतं—पाहुणे अजून बसलेले असताना.

तेवढ्यात दादा आत आला. "छोटी, तू काही हात त नाही लावला ना?"

"मैं? नहीं तो."

खोटं बोलताना मी हिंदीत गेले. भीती कसली होती? बाबांची नाही—सगळे एकदम माझ्याकडे बघतील, याची. आणि त्याने लगेच मानलं. नळी त्याने स्वतः मोजून लावली होती. पातेल्यामागे ती धड दिसतही नव्हती, आणि तिच्यावर त्याला शंकाच आली नाही. माझ्यावरही नाही.

दादा आता जामुलला जातो. त्या फ्रिजमध्ये भाजी असते. दाराच्या भोकात आईने कापड कोंबलं आहे. कधीतरी जेवताना तो मधेच थांबतो. "कुठं चुकलं, समजलंच नाही मले."

मी त्याला पोळी वाढते.