सोमल लावलेला नाग

मी मास्तरांच्या घरून पाणी पिऊन वर्गात परतलो, तेव्हा आमच्या पेंढा भरलेल्या नागाच्या फण्यावर हळदकुंकू होतं आणि अंगावरून दूध ओघळत होतं. ताटातल्या भिजल्या लाह्या एक वयस्क आक्का मुलांच्या हातांवर ठेवत होत्या. नागाच्या पोटाची शिवण उकलली होती. आतून पांढरा लगदा ताटात उतरत होता.

"खाऊ नका!" मी ओरडलो आणि ताट हिसकावून दाराबाहेर भिरकावलं.

"परसाद उधळलास व्हय रं?" आक्का कडाडल्या. "हात झडला न्हाय तुझा?"

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. बेळगावातल्या एका म्युझियमच्या शिक्षण शाखेत मी बिनपगारी उमेदवार होतो. म्युझियममधल्या वस्तू पेटीत घालून खेड्यांतल्या शाळांत न्यायच्या आणि मुलांना समजावून सांगायच्या, हे माझं काम. निपाणीजवळच्या या गावी मी हा नाग आणला होता. खवले दिसावेत म्हणून पेटीची काच काढून ठेवायची, अशी आमच्या क्युरेटरसाहेबांची पद्धत. नागपंचमी उद्यावर होती. मधल्या सुट्टीत मुलांनी घरी वर्दी दिली आणि बायका दूध-लाह्या घेऊन आल्या.

तो लगदा मी ओळखला. कातड्याला कीड लागू नये म्हणून आतून सोमल लावतात. सोमल म्हणजे जहर. वाघाच्या कातड्याला लावताना मी पाहिलं होतं. या नागालाही लावलंय, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

"मास्तर, आज हजेरी किती?"

"एकतीस."

मी एकेक मूठ उघडून पाहिली. तीस मुठींत लाह्या होत्या. एकतिसावी मास्तरांची शांता. तिचा तळहात चाटून पुसलेला.

"म्या खाल्ल्या. गुळाच्या हुत्या," ती म्हणाली.

मास्तर धावत पुढे आले. त्यांना ही एकुलती एक.

"मेलेला नाग चावतुय व्हय?" आक्कांनी विचारलं.

"चावत न्हाय, आक्का. त्यो टिकावा म्हणून माणसांनीच जहर भरलंय."

आक्कांनी पोरीला मांडीवर ओढलं, मिठाचं पाणी पाजलं आणि घशात बोट घातलं. लाह्या बाहेर आल्या. गावातल्या तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या मोटारीतून आम्ही निपाणी गाठली. अंधार पडता पडता डॉक्टर बाहेर आले. "ओकली म्हणून वाचली," एवढंच म्हणाले. मास्तरांना तेव्हा रडू फुटलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांना सगळं सांगितलं.

"शिवण कितपत उकललीय?" त्यांनी विचारलं.

"साहेब, मुलगी मरत होती."

"वाचली ना?"

"पेटीवर लेबल का नव्हतं?"

"होतं की. मीच काढलं. 'विषारी' वाचलं की हेडमास्तर पेटी घेत नाहीत."

दौत कुठे ठेवली ते सांगावं, तसं त्यांनी हे सांगितलं.

त्याच दुपारी मी पेटीवर लाल रंगाने 'विषारी' लिहिलं. त्यानंतर एकाही शाळेने नाग मागवला नाही. साहेबांचा अंदाज बरोबर होता. माझी उमेदवारीही तिथेच संपली. 'जागा नाही' असं कळवण्यात आलं. शांता पुढे शिकून मास्तरीण झाली.

एवढं मात्र कळलं, की पेटी नाकारणारे हेडमास्तर भित्रे नसतात; त्यांनी लेबल नीट वाचलेलं असतं.