खिडक्यांतले झेंडे

जर्मन नागरिकत्व मिळाल्यानंतरचं माझं पहिलं मतदान फेब्रुवारीतल्या एका रविवारी आलं. नागपूरला आमचे बाबा मतदानाला इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, रांग लागायच्या आधीच जाऊन उभे राहत. हॅम्बर्गच्या त्या गारठ्यात मीही ठेवणीतला कोट काढला.

जिन्यात खालच्या मजल्यावरच्या आजी कठड्याला धरून उभ्या होत्या. नव्वदी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या. त्यांचा जन्म याच इमारतीतला. युद्धात आजूबाजूचं सगळं पडलं, ही तेवढी वाचली.

"शाळेपर्यंत सोबत कराल?" त्यांनी विचारलं.

"एवढ्या थंडीत कशाला? पोस्टाने पाठवता येतं ना मत."

"नको. माझं मत मी कुणाच्या हाती देत नाही."

त्या माझा दंड धरून चालू लागल्या. दिव्याच्या खांबांवर पक्षांची पोस्टरं होती. एकावर आमच्यासारख्यांनी आपापल्या देशात परत जावं, असं हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं होतं. आजी तिथेच थांबल्या.

"आई मला कडेवर घेऊन याच शाळेत मत द्यायला आली होती," त्या म्हणाल्या. "हिटलरच्या आधीचं वायमारचं प्रजासत्ताक तेव्हा जेमतेम तग धरून होतं. मला अर्थातच आठवत नाही, आईने सांगितलेलं. रस्त्यावरच्या प्रत्येक खिडकीत झेंडा. आमचा लाल, कारण वडील गोदीत कामाला. समोर तपकिरी शर्टवाल्या नाझींचा. आमच्या एका जिन्यात तीन पक्ष राहत होते आणि रविवारी सगळे आमच्याच टेबलाशी पत्ते खेळायचे."

"मग?"

"मतदान झालं, पत्ते थांबले. आईने घाबरून झेंडा काढून ठेवला. काही महिन्यांनी भरदुपारी माणसं आली. कुठलं दार, असं त्यांनी कुणालाच विचारलं नाही. थेट वर चढून आमचंच वाजवलं."

"कुणी सांगितलं त्यांना?"

"जिन्यातल्याच कुणीतरी. वडील जिवंत परत आले, पण पुढे घरातसुद्धा कुजबुजल्यासारखं बोलायचे. आणि आई मरेपर्यंत याच जिन्यात सगळ्यांना सुप्रभात म्हणत राहिली. त्यातला नेमका कोण, ते तिला कधी कळलं नाही."

शाळेच्या व्यायामशाळेत पुठ्ठ्याचे आडोसे लावले होते. आजी आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मला वाटलं, चक्कर आली की काय. पण त्या आल्या, स्वतःच्या हाताने कागद पेटीत सरकवला आणि पेटीवर क्षणभर तळवा ठेवून उभ्या राहिल्या.

परतताना मी विचारलं, "भीती वाटते तुम्हाला?"

"मतदानाची नाही," त्या म्हणाल्या. "सोमवारची वाटते."

संध्याकाळी सहाला मतदान संपलं आणि टीव्हीवर अंदाज आले. नवरा, मुलगी आणि मी, आम्ही तिघं सोफ्यावर. त्या हसऱ्या पोस्टरवाल्या पक्षाचा आलेखातला स्तंभ वर चढत गेला. नेमक्या त्याच वेळी इमारतीत कुठेतरी जल्लोष झाला. टाळ्या, एका पुरुषाचं मोकळं हसणं.

मुलीने जर्मनमध्ये विचारलं, "कोण होतं ते? वरचे?"

नवऱ्याने टीव्हीचा आवाज बंद केला. आम्ही ऐकत बसलो. परत काहीच ऐकू आलं नाही.

"चहा टाकू?" तो शेवटी म्हणाला. मी मान हलवली, तरी कुणीच उठलं नाही.

सोमवारी मी सामान घेऊन चढत होते. तिसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ नेहमीसारखेच नमस्काराचं "मॉइन" म्हणाले आणि माझी जड पिशवी दारापर्यंत आणून दिली. भला माणूस. मुलगी तान्ही असताना तिची बाबागाडीही त्यांनीच कितीदा वर चढवली होती. निघताना कशावरून तरी ते हसले. मी आभार मानले, दार लावलं आणि आतून कडी घालून तिथेच उभी राहिले. ते हसणं कालच्या हसण्याशी मनातल्या मनात जुळवून पाहत होते.

जुळलं नाही. जुळलं असतं तर कदाचित बरं झालं असतं. आता मी जिन्यात सगळ्यांचंच हसणं ऐकते.