तेल पाजलेला चेंडू

आधीच माफी मागते. माझं अक्षर वाकडं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधी जमलंच नाही. चौथीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. ही किराण्याची वही आहे, पुढून कांदे-बटाटे आणि मागून हे. कधी लेकीच्या हाती पडली तर तिने हसू नये, एवढंच.

इथे आखातात, वेस्ट बे भागातल्या एका इमारतीत एकविसाव्या मजल्यावर मी स्वयंपाक आणि घरकाम करते. आधी शेजारच्या पुण्याच्या कुटुंबाकडे होते. ते परत गेले, तेव्हा या ऑस्ट्रेलियाच्या सरांनी आणि मॅडमनी मला ठेवून घेतलं. पुणेकर मला ताई म्हणायचे, म्हणून हेही ताईच म्हणतात. सर इथल्या एका शाळेत खेळ शिकवतात, पण त्याआधी तेरा वर्षं त्यांनी त्यांच्या देशाचा फुटबॉल पगारावर खेळला. त्याचा चेंडू गोल नसतो, लांबट असतो.

माझे मालक, म्हणजे लेकीचे बाबा, इथेच अल खोर गावाला कंपनीची बस चालवतात. शुक्रवारी सुट्टीला आम्ही एशियन टाउनच्या बाजारात भेटतो. त्यांना सांगितलं, तर चहा सांडेपर्यंत हसले.

"लाथा मारायचा पगार? अगं, मग आपल्या म्हशीला पाठवायची होती!"

"हातानेही धरतात," मी म्हटलं. "दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा देऊन वर उडतात आणि हवेत झेलतात."

"आणि ज्याच्या खांद्यावर चढले, तो गप बसतो होय?"

ते मलाही माहीत नव्हतं.

बैठकीतल्या फळीवर सरांचा एक चेंडू होता. शेवटच्या सामन्यातला. त्यावर सोबत खेळलेल्या सगळ्यांच्या सह्या होत्या, निळ्या शाईच्या, मुंग्यांच्या रांगांसारख्या. मी रोज त्यावरची धूळ झटकायचे. इथे एसी बारा महिने चालतो, त्याने कातडं सुकतं. चेंडूला बारीक भेगा पडायला लागल्या होत्या. आमच्याकडे नव्या चपलांना तेल पाजतात, म्हणजे कातडं मऊ होतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. सर आणि मॅडम सुट्टीवर गेले, तेव्हा मी तीन दिवस त्या चेंडूला खोबरेल पाजलं, बाल्कनीतल्या उन्हात ठेवून. आल्यावर खूश होतील, असं वाटलं होतं.

चौथ्या दिवशी बघितलं, तर माझी बोटं निळी झाली होती आणि चेंडूवर एकही नाव उरलं नव्हतं.

सर आले. त्यांनी चेंडू हातात घेतला, वास घेतला आणि बाल्कनीत जाऊन उभे राहिले. खाली धुक्यात उंच इमारतींची नुसती टोकं दिसत होती. मग आत येऊन म्हणाले, "ताई, चेंडूच आहे तो."

रागावले असते तर बरं झालं असतं. मी एरवी मान वर करून बोलत नाही, पण त्या दिवशी बोलले. "नवा मागवा. पैसे माझ्या पगारातून घ्या. नाही घेतले, तर मी इथे राहणार नाही."

मॅडम नको नको म्हणत होत्या. सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाले, "ठीक आहे." नव्या चेंडूचे पाठवायच्या खर्चासकट सहाशे रियाल झाले. महिन्याला पन्नास ठरले. तो चेंडू त्यांच्या जुन्या क्लबात जाणार होता. तिथून एकेकाच्या घरी, सहीसाठी.

संध्याकाळी सर बाल्कनीत बसून नावांची यादी करायला लागले. मी लसूण सोलत होते. ते एक नाव उच्चारायचे, मग त्या माणसाचं काहीबाही आठवायचे. मीही वहीत लिहायला लागले.

"तुम्ही काय लिहिताय?"

"नावं. मी पुसली, पण कुणाची ते मला ठाऊकच नव्हतं."

मग ते हळू बोलायला लागले, सोप्या इंग्रजीत, मध्ये हातवारे करून. त्यांचं गाव गव्हाचं, मेंढ्यांचं. अठराव्या वर्षी, नवे खेळाडू निवडतात त्या दिवशी, टीव्हीवर त्यांचं नाव पुकारलं आणि एका संघाने त्यांना उचललं. पहिल्या वर्षी ज्याच्या खोलीत राहिले, तो आंघोळ करताना मोठ्याने गायचा. मैदान आपल्या क्रिकेटच्या मैदानाएवढं, दोन्ही टोकांना चार-चार खांब. मधल्या दोन खांबांतून गेला तर सहा गुण. जरा बाजूला गेला तर एक.

"चुकला तरी एक?" मी विचारलं.

"चुकला तरी एक."

दुपारी काम आटपून आडवी झाले, की मला ते मैदान दिसायचं. मी कधी न पाहिलेलं हिरवं गवत, त्यावर पांढरे खांब, आणि माणसं इतकी हलकी की हवेत थांबलेली. मग सरांचा गुडघा गेला, एक अख्खं वर्ष गेलं. परत उभे राहिले, परत खेळले. एकतिसाव्या वर्षी क्लबाचा फोन आला, पुढचा करार नाही. दोनच मिनिटं बोलणं झालं. शेवटच्या सामन्यात दोघांनी त्यांना खांद्यावर घेऊन बाहेर नेलं. त्यातला एक तो गाणारा होता.

आठव्या महिन्यात चेंडू आला. सगळ्यांच्या सह्या होत्या, मध्ये एक जागा रिकामी. तो गाणारा दोन वर्षांपूर्वी आजाराने गेला होता. सरांना ते माहीत होतं, तरी यादीत नाव घातलं होतं. क्लबातल्या लोकांनी ती जागा सोडून सह्या केल्या होत्या.

सर वही मागायला आले. "ते नाव तुमच्या अक्षरात आहे ना? इथे लिहा."

"माझं अक्षर घाण आहे, सर."

"त्याचंही होतं."

मी आधी दुधाच्या खोक्यावर चारदा गिरवलं. मग चेंडू मांडीवर धरून त्यांचं पेन चालवलं. गोलाईवर शिरोरेघ घसरली, शेवटचं अक्षर खाली उतरलं. सर त्यावरून बोट न लावता नुसता हात फिरवत राहिले. मी पुसायचं फडकं धुवायला निघून गेले. आता त्या फळीपाशी मी फडकंसुद्धा कोरडंच नेते.

पगाराच्या दिवशी मी पन्नास रियाल द्यायचे आणि सर वहीत सही करायचे. मॅडमनी दोनदा सांगितलं, आता पुरे. सर मात्र कधीच म्हणाले नाहीत, दरवेळी नोट घेऊन खिशात ठेवली. त्याचं मला बरं वाटायचं.

शुक्रवारी मालकांना वहीतल्या त्या सह्या दाखवल्या. "एवढ्या मोठ्या खेळाडूच्या अकरा सह्या," ते म्हणाले, "आणि त्याही आपल्या साबुदाण्याशेजारी!"

काल बारावा हप्ता झाला. सरांनी नोट घेतली, सही केली आणि वही माझ्या हातात देत म्हणाले, "खलास, ताई."

सहाशेच्या सहाशे फिटले.