बाईंच्या हातावरचा चट्टा

ब्रह्मपुरीच्या बसस्टँडवर सावलीला जाणाऱ्या गाडीची वाट बघत उभी होते, तेवढ्यात दवाखान्याचा ड्रायव्हर मला शोधत आला. "सिस्टर, डॉक्टरबाई गेल्या," एवढंच म्हणाला. मी त्याच्यावरच खेकसले. सकाळी तर त्यांनीच मला रागावून बाजारात पिटाळलं होतं... असं कसं जाईल माणूस? आता महिना होत आला. राग अजून गेलेला नाही, आणि तो कोणावर आहे तेही कळत नाही.

आमचा दवाखाना कुष्ठरोगाचा, एका लहानशा ट्रस्टचा. मी तिथं नर्स. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, म्हणजे जत्राच; लेकी-जावई, सोयरेधायरे जमतात, नाटक होतं. एवढी माणसं एका जागी कुठं मिळणार, म्हणून एका वर्षी नाटकाआधी आम्ही पडद्यावर रोगाच्या चट्ट्यांचे फोटो दाखवले, लोकांना तो ओळखता यावा म्हणून. चेहरा एकाचाही नव्हता, बाईंनी स्वतः बघून घेतलं होतं. एक फोटो बाईमाणसाच्या हाताचा होता. चट्ट्याच्या वर गोंदण होतं, ते आमच्यापैकी कोणाच्या ध्यानातच आलं नाही. समोर बसलेल्या बायांनी मात्र त्या गोंदणावरून ती कोण ते तिथंच ओळखलं. गोंदण कशाचं होतं ते मी इथंही लिहीत नाही. औषध घेऊन ती पूर्ण बरी झाली होती, नवऱ्याला यातलं काही माहीत नव्हतं. मंडई उठायच्या आत त्यानं तिला माहेरी आणून सोडलं.

तिच्या भावानं तक्रार केली आणि सरकारी चौकशी लागली. ट्रस्टचे अध्यक्ष घाबरले. अनुदान थांबलं तर दवाखान्याला कुलूप लागणार, ही भीती काही खोटी नव्हती. "चेहरा दाखवला नाही, एवढंच लिहून द्या आणि मोकळ्या व्हा," म्हणाले. फोटो काढणाऱ्या पोरालाही घरी बसवायचं त्यांच्या मनात होतं. बाई म्हणाल्या, "फोटो निवडला मी. त्या पोराला कशाला मारता?"

चौकशीचे साहेब तसे भले होते, पण जीप घेऊन माहेरी जायचं आणि तिचा जबाब घ्यायचा, असं त्यांनी ठरवलं होतं. बाई आडव्या आल्या. "सरकारी जीप दारात उभी राहिली, की उरलंसुरलं गावही बोलायला लागेल. आधी तिला विचारून येते."

आम्ही दोघी एसटीनं गेलो, सोयरे जातात तशा. ती अंगणात तांदूळ पाखडत होती. बाईंनी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "तक्रार भावानं केली, मी नाई केली. मले आता काईच नको बाई. फक्त माही गोष्ट कोणी करू नका." नवऱ्याशी बोलून बघू का, असं बाईंनी विचारलं. "काऊन? त्याले अजून काय सांगाचं रायलं?" परतताना एसटीत बाई खिडकीकडे तोंड करून रडत होत्या.

चूक आमचीच, असं बाईंनी लिहून दिलं. फोटो सगळे जाळले. साहेबांनी जबाबाचा हट्ट सोडला. अनुदान थांबलं, पुढे कसंबसं सुरू झालं, दवाखाना वाचला. तिचं घर मात्र नाही वाचलं. नवऱ्यानं दुसरी केली.

तेव्हापासून मंडईत फोटोंऐवजी बाई गेरू आणि पावडर कालवून स्वतःच्या हातावर चट्टा रंगवून घ्यायच्या आणि तो हात लोकांना दाखवायच्या. डॉक्टरबाईलेच रोग झाला, असं लोक बोलायला लागले. काहींनी त्यांच्या हातचं पाणी पिणं सोडलं. मी चिडायची. "रंग आहे म्हणून सांगा ना एकदा." त्या म्हणायच्या, "बरी झाले म्हणून तिला सांगता आलं का कोणाला?"

त्या गेल्या त्या मंडईच्या दुसऱ्याच दिवशी. त्यांना आंघोळ घालायला घेतलं तेव्हा चट्टा हातावर तसाच होता. शेजारच्या बाया मागे सरकल्या. एकीनं हळूच विचारलं, "सिस्टर, बाईले खरंच होता का वो?" ओलं फडकं माझ्या हातात होतं. एकदा फिरवलं असतं तर सगळ्यांना दिसलं असतं...

तो हात सोडून बाकीचं अंग मी पुसून काढलं.