ओलिटाच्या पिशवीवरचा भोंगा

ओलिटा क्रम्प आकाशाला भ्यायची. ओक्लाहोमाच्या माळावर वाढलेली पोर ती; लहानपणी एका संध्याकाळी वावटळीने त्यांचा गोठा दुभत्या गायीसकट उचलून नेला होता. तेव्हापासून ढगांचा रंग पालटला की ही आधी छप्पर शोधायची. म्हणूनच बरोबर खेळणाऱ्या बायकांनी इशाऱ्याचा भोंगा तिच्या गळ्यात मारला.

पन्नास-बावन्न सालच्या त्या बायका गोल्फवर पोट भरायच्या, पण त्यांची पर्वा कुणाला होती? सकाळी झेंडे त्यांनीच रोवायचे, तंटे त्यांनीच मिटवायचे, वीज चमकली की खेळही त्यांनीच थांबवायचा. जुन्या फोर्डचा रबरी फुग्याचा भोंगा ओलिटाच्या पिशवीला बांधलेला असे. तिने तीनदा लांब वाजवला की काठ्या टाकून सगळ्यांनी छपराखाली पळायचं.

जॉर्जियातल्या त्या स्पर्धेचा शेवटचा दिवस. चाळिशीला टेकलेली ओलिटा आजवर एकदाही जिंकली नव्हती, आणि आज बॉल जणू तिच्या मनातलं ऐकत होता. तिच्याहून एकाच फटक्याने मागे फर्न डॉकरी होती. दोघी एकाच मोटारीतून गावोगाव हिंडायच्या, एकाच खोलीत निजायच्या.

"मयताला निघाल्यासारखं तोंड काय केलंयस?" फर्नने सकाळी शेंगा सोलता सोलता विचारलं होतं. "जिंकलीस तरी घोरणं माफ नाही हं."

"आधी जिंकू तर दे, बये," ओलिटा म्हणाली होती.

अठरांपैकी चौदाव्या होलवर पश्चिमेकडचं आभाळ जुन्या जखमेसारखं हिरवं-काळं झालं. पाइनच्या झाडांतले पक्षी एकाएकी गप्प झाले. ओलिटाला कळायला वेळ लागला नाही. पण खेळ अर्धवट थांबला की नियमाप्रमाणे दिवसभराचे सगळ्यांचे फटके रद्द. उद्या पुन्हा पहिल्यापासून. असा दिवस तिला पुन्हा कोण देणार होतं?

"गडगडलं ना गं?" तिच्याबरोबर खेळणारी मर्ल म्हणाली.

"ट्रक असेल. हमरस्त्यावरचा."

मर्लने भोंग्याकडे पाहिलं, मग ओलिटाच्या तोंडाकडे, आणि आपली काठी उचलली.

सोळाव्या होलवर हवेतल्या विजेने हातावरची लव उभी राहिली. ओलिटाने रबरी फुग्यावर हात ठेवला. तो घामाने चिकट झाला होता. दोनच होल तर राहिलेत, ती मनाशी म्हणाली, आणि हात काढून घेतला. लाज वाटली, नाही असं नाही. पण हाव लाजेपेक्षा मोठी निघाली.

अठराव्या होलवर शेवटचा बॉल आत पडला. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही घाईघाईने, कारण टोप्या उडू लागल्या होत्या. तरी ओलिटाचं संपलं नव्हतं. फर्नची जोडी मागे सतराव्यावर होती आणि ती आत येईपर्यंत दिवसाचा खेळ धरला जाणार नव्हता. भोंगा हातात घेऊन ओलिटा उभी राहिली. वाजवला नाही. आता येतील, एवढ्यात येतील, असं घोकत ती सतराव्याच्या टेकाडाकडे डोळे लावून होती.

सगळं मैदान पांढरं झालं. आवाज त्याच क्षणी आला.

मग मात्र ओलिटाने भोंगा वाजवला. तीनदा नाही, वाजवतच राहिली. शेवटी मर्लने तो तिच्या हातातून ओढून काढला.

टेकाडावरून फर्नची जोडीदारीण एकटीच उतरत आली. बूट कुठे गेले होते तिचे, कोण जाणे. ती सरळ ओलिटापाशी आली. तिच्या आवाजात राग नव्हता, हेच भयंकर होतं.

"मी म्हणत होते तिला, चल पळू," ती म्हणाली. "तर मलाच हसली. म्हणे, ओलिटा पुढे आहे ना? ती तर सावलीला भिते. तिने वाजवला नाही, म्हणजे काही नाही गं, खेळ तू."