लेकीचा निळा घाम

आधीच सांगून टाकते, मी लिंबू-मिरचीतली बाई नाही. नेरला एका खाजगी लॅबमध्ये चौदा वर्षं रक्त-लघवी तपासते आहे. जे स्लाइडवर दिसत नाही ते नाही, एवढी माझी साधी समजूत. सासूबाई दृष्ट काढायला बसल्या की मी हसायची. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटते... पण कुणाला तरी विचारल्याशिवाय आता राहवत नाही.

माझी मुलगी रेणुका, वय चोवीस. पोलीस भरतीचं वेड. दोनदा थोडक्या मार्कांनी हुकली. तिसऱ्यांदा ग्राउंड निघालं, लेखी निघाली, राहिली फक्त मेडिकल. "आता हुकलं तं मी पुन्हा नाही धावत आई," असं तिनं मला स्वच्छ सांगून ठेवलं होतं.

मेडिकलच्या बारा दिवस आधी, ऐन मे महिन्यात, ती सकाळी पळून आली आणि अंगणात दोन्ही हात पुढे करून उभी राहिली.

"आई, हे पाह्य ना."

तळहातांवर, मनगटांवर, गळ्याशी निळे थेंब. बादलीत नीळ कालवावी तसा रंग. पुसले, पुन्हा आले.

आमचे हे एसटीत कंडक्टर आहेत. ते म्हणाले, "ट्रॅकसूटचा रंग गेला असन. कायले घाबरून राह्यल्या मायलेकी?" दुसऱ्या दिवशी पांढरा टी-शर्ट घालून पळवली. संध्याकाळी टी-शर्टच निळा!

यवतमाळला नेली. पहिल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, "फवारणीत गेलती का?" आमच्या जिल्ह्यात अंगावर काहीही उठलं की आधी पिकावरच्या विषारी औषधाची फवारणीच आठवते. अहो, मे महिन्यात कसली फवारणी? शेतं नांगरून पडलेली. त्यात आमच्याकडे शेतच नाही. तरी त्यांनी चिठ्ठीवर तेच लिहिलं.

मग त्वचेचे डॉक्टर. माणूस भला, नीट समजावून सांगितलं. कपड्याचा रंग, एखादं औषध, अंगावरचे रंग सोडणारे जंतू, नाहीतर तांबं. तांबं म्हटल्याबरोबर माझा जीव भांड्यात पडला... रेणुका पळते त्या रस्त्याला संत्र्याची बाग आहे, आणि त्याच आठवड्यात बुंध्यांना मोरचूद-चुन्याचा लेप दिलेला; मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. सापडलं म्हणलं! चार दिवस तिला घराबाहेर पाऊल टाकू दिलं नाही. पाचव्या दिवशी पोळ्या लाटता लाटता लाटणं निळं झालं.

जंतूंचं कल्चर मी स्वतः लावलं. काही उगवलं नाही. औषधांनी फरक नाही. डॉक्टर म्हणाले, "घामाच्या ग्रंथीतच रंग तयार व्हायचा एक दुर्मीळ प्रकार असतो ताई, पण त्या ग्रंथी तळहातावर नसतात." शेवटी एक थेंब मी मायक्रोस्कोपखाली ठेवला. डोळ्याला निळा — आणि खाली निव्वळ पाणी. तीनदा बघितलं. तीनदा पाणी.

चार दिवस उरले तेव्हा मी अक्षरशः वेड्यासारखी वागले. तुरटी चोळली, पावडर थापली, दिवसभर कूलरपुढे बसवून ठेवली. पाणीसुद्धा मोजून देत होते, घाम येऊ नये म्हणून! पोरगी चक्कर येऊन मोरीत पडली तेव्हा मी भानावर आले. आई म्हणवून घ्यायची लाज वाटली मला.

मेडिकलच्या दिवशी सकाळी सातला आम्ही दोघी नेरच्या बसस्टँडवर. तेवढ्या सकाळीही ऊन तापलेलं. तिच्या कपाळावरून निळी धार निघाली आणि ती खालीच बसली.

"मी नाही जात. सारे हसतील आई. मले नकोच ते भरती."

"अवं, असं नको बोलू बाई..."

रुमाल आधीच भिजलेला. मी उघड्या हातांनीच तिचं तोंड पुसलं. आणि काय झालं कोण जाणे, माझे हात तिच्या गालांवरून फिरून माझ्या कानशिलांवर गेले आणि कडाकड बोटं मोडली. आलाबला घेतली! लोकांच्या नावानं बोटं मोडणारी मी, कुणासाठी अशी कधी मोडली नव्हती. तोंडातून निघालं, "माह्या लेकराले सोड, मले लाग."

बस यवतमाळला पोचेस्तोवर तिचा घाम साधा झाला होता. पाण्यासारखा. ती मनगट बघत बसली, मी खिडकीतून बाहेर. मेडिकलमध्ये फिट!

नवव्या दिवशी लॅबमध्ये मी हातमोजे काढले, तर आतून निळे.

खरं सांगते, पहिल्यांदा मला आनंद झाला. मग दोन्ही डॉक्टर, कल्चर, स्लाइड, सगळं पुन्हा. निकाल तोच. माझा घाम आजही निळाच आहे. लॅब सोडली, कारण निळ्या हातांच्या बाईकडून रक्त काढून घ्यायला कोण येणार? फोनवर रेणुकाला मी काहीच सांगितलं नव्हतं.

गेल्या महिन्यात ती ट्रेनिंगमधून तीन दिवसांच्या रजेवर आली. ह्यांनी कळवलं असावं, आल्या आल्या म्हणाली, "हात दाखव." बराच वेळ धरून बसली. मग तिचे तळवे माझ्या गालांकडे आले. मी मनगटंच पकडली.

"सोड आई. तुनं माही घेतली, आता मी तुही घेते."

"मोठ्यानं लहानाची घ्याची असते. उलटं होत नाही."

"कोण म्हणते?"

कुणीच म्हणत नाही. ते मी तिथल्या तिथे रचलं. तीन दिवस मी तिला तोंडाला हात लावू दिला नाही, जवळ आली की उठून जायची. जाताना पाया पडली तेव्हाही हात मागे बांधून उभी राहिले. ती रडत बसमध्ये चढली.

हे काय आहे ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळलं नाही तरी चालेल. मला एवढंच विचारायचंय... उलटं होतं का? कुणाला खात्रीनं ठाऊक असेल तर सांगा. ती पुन्हा रजा टाकते आहे, आणि पोटच्या पोरीला मला घरी येऊ नको म्हणावं लागतंय.