कोपरची हळद आणि ठाण्याचं चर्च

डिसेंबरात ऑफिसमध्ये चहा पिताना ग्लोरियाने विचारलं, "रविवारी आमच्या चर्चमध्ये जॅझ आहे. येतेस?" ग्लोरिया ठाण्याची, पिढ्यान्‌पिढ्या तिथलीच ईस्ट इंडियन, म्हणजे इथली मूळची, मराठी बोलणारी ख्रिश्चन. तिच्या चर्चने या थंडीत महिन्यातून एका रविवारी संध्याकाळी मैफल ठेवलेली. आधी जॅझ, मग लोकगीतं, शेवटी शास्त्रीय. मी डोंबिवलीत कोपरला राहते आणि माझं संगीत गणपतीच्या आरत्यांपाशी संपतं. पण चर्चच्या आत मी कधी पाऊल ठेवलेलं नव्हतं, तेवढ्या कुतूहलापोटी हो म्हणून टाकलं. त्या एका होकारातून पुढे जे काय घडलं ते सगळं सांगायचं आहे, म्हणून ही पोस्ट जरा लांबणार.

आधी रस्त्याचं सांगते. डोंबिवली पश्चिमेहून माणकोलीचा पूल पकडायचा. खाली खाडी, दोन्ही बाजूला खारफुटी, संध्याकाळच्या उन्हात पाणी तांब्याच्या परातीसारखं दिसतं. तिथून नाशिक हायवे, मग साकेतच्या पुलावरून ठाण्यात. रविवारी चारच्या सुमारास निघालात तर स्कूटरवर मजेत पोचाल, उशीर केलात तर साकेतला अडकाल. गाडी न्यायची असेल तर आधीच सांगते, चर्चच्या गल्लीत पार्किंग विसरा. तलावाच्या बाजूला लावा आणि चालत या.

तिकीट नव्हतं. दाराशी एक पेटी, ज्याला जे वाटेल ते टाकावं. आत लाकडी छप्पर, लांबलचक बाकं, मेणाचा आणि जुन्या पॉलिशचा वास. एक महत्त्वाची टीप: वाजवणं सुरू झालं की पंखे बंद करतात, आवाज येतो म्हणून. तेव्हा बाजूच्या दाराजवळचं बाक पकडा.

जॅझ मला कळलं का? नाही. पण आवडलं. पियानो, ड्रम्स, सॅक्सोफोन आणि माणसापेक्षा उंच असं एक व्हायोलिन, ज्याला डबल बेस म्हणतात. ते वाजवत होती ग्लोरियाची भाची अँजेला, सडपातळ, बॉबकट. बोटांनी ती तार ओढायची तेव्हा सूर कानात नाही, बाकाच्या लाकडातून थेट माझ्या पाठीत यायचा. मध्येच बाकीचे थांबले आणि ती एकटी वाजवत राहिली. माझ्या शेजारचे पांढऱ्या मिशांचे काका डोळे मिटून गुडघ्यावर ताल धरून होते. मी पण धरला, चुकीचा, पण धरला.

मध्यंतरात ग्लोरियाच्या घरचे फुगे खाल्ले. ईस्ट इंडियन लोकांचे हे गोल तळलेले गोळे, आतून पोकळ, किंचित गोड. त्या खाण्याच्या भरात मी बोलून गेले, "पुढच्या वेळी लोकगीतं ना? आमच्या बिल्डिंगमध्ये एक धवलारीण राहतात."

ग्लोरियाने हातातली डिश खाली ठेवली. "त्यांना आणशील?"

आमची बिल्डिंग ज्यांच्या शेतावर उभी आहे त्या आगरी घरातल्या हिरामावशी. पहिल्या मजल्यावर राहतात. धवलारीण म्हणजे आगऱ्यांच्या लग्नात हळदीपासून सगळे विधी गाण्यातून करणारी बाई. भटजी मंत्र म्हणतात तसं ती गाते. मी दुसऱ्याच दिवशी त्यांच्याकडे गेले. त्या तांदळाची भाकरी थापत होत्या.

"चर्चमंदी?" त्या म्हणाल्या. "तिथं लगीन कोनाचं हाय?"

"लग्न नाही मावशी, कार्यक्रम आहे. लोक ऐकायला येतात."

"लगीन नाय आनि हलद गायाची? असं नाय करत गो. गानं म्हंजी काम हाय. काम नसलं तं गानं कशाला?"

मी खूप समजावलं. शेवटी त्या एवढंच म्हणाल्या, "येन मी. बगाला येन. गायाचं नाय सांगत." ग्लोरियाला मात्र मी उत्साहात कळवून टाकलं की त्या येताहेत. पत्रकावर त्यांचं नावही छापून आलं.

जानेवारीतल्या त्या रविवारी आम्ही कॅब केली. मावशी हिरवी नऊवारी नेसलेल्या, गळ्यात सगळे दागिने घातलेले. माणकोलीच्या पुलावर त्यांनी काच खाली करायला लावली. "हितं आमची मिठागरं व्हती," एवढंच बोलल्या आणि पूल संपेपर्यंत बाहेर बघत राहिल्या. मी विचारणार होते गाण्याचं काय ठरलं, पण धीर झाला नाही.

चर्चच्या दारात त्यांनी चपला काढल्या. आत सगळे बूट घालून बसलेले दिसले तरी त्या अनवाणीच गेल्या. चौफेर बघितलं. समोर माइक, स्टँड, खुर्च्या. मग मला हळूच म्हणाल्या, "मांडव नाय, हलद नाय, नवरी नाय. मी नाय गायाची. तू सांग त्यांना."

पत्रकं लोकांच्या हातात होती. पहिला गट कोळीगीतं गाऊन उतरत होता आणि त्यांच्यानंतर मावशींचं नाव होतं. ग्लोरिया कोपऱ्यात उभी राहून माझ्याकडे बघून हसत होती. मावशींना पहिल्या बाकावर बसवून मी कशीबशी गेले आणि सगळं सांगितलं. ती रागावली नाही, पण तिचा चेहरा पडला. "ठीक आहे," म्हणाली. "मी अनाउन्स करते की तब्येत बरी नाही."

आम्ही दोघी वळलो तर मावशी गप्पांत रंगलेल्या. शेजारी बसलेल्या ग्लोरियाच्या आई. त्याही लुगड्यात, कानात मावशींसारखीच सोन्याची फुलं. दोघींची भाषा इतकी जवळची की एकीचं वाक्य दुसरी पुरं करत होती. मला निम्मंच कळत होतं. उंबराचं पाणी, मांडवाची मेढ, असे लग्नविधींचे शब्द कानावर येत होते.

"आमच्यात बी तसंच," ग्लोरियाच्या आई म्हणाल्या. "या शनवारी माझ्या नातीचं लगीन हाय ना. हितंच."

मावशी थांबल्या. "कंची नात?"

त्यांनी मागच्या बाकाकडे बोट केलं. अँजेला बसलेली, डबल बेसवाली.

"हलद लावली तिला?"

"घरात लावू. पन गानारी कोन ऱ्हायली नाय. माझी बहीन गायची, ती गेली."

मावशी उठल्या. पदर खोचला. "मंग असं सांगावं ना आदी," त्या मला म्हणाल्या, जणू चूक माझीच. "बोलव पोरीला. खुर्ची ठेव म्होरं."

अँजेलाला समोर खुर्चीवर बसवलं. फादरनी स्वतः माइक पुढे केला, मावशींनी तो हाताने बाजूला सारला. "पोरीचं नाव काय? नवऱ्याचं? गाव कंचं?" अँजेला, केविन, उत्तन. "अंजला," मावशी स्वतःशी म्हणाल्या, नाव तोंडात बसवलं आणि गायला लागल्या.

तो आवाज गोड नाही. उंच, सरळ, जरासा खरखरीत. पण त्या लाकडी छपराखाली तो असा भरला की मागच्या बाकावरचे लोक उभे राहिले. गाण्यात त्या शेजारणींना हाका मारत होत्या, हळद दळायला बसवत होत्या, आणि मध्येच अंजला आणि उत्तनचा केवीन येत होते. अँजेला रडायला लागली आणि डोळे पुसायला हात वर केला. मावशी गाता गाता म्हणाल्या, "हात नको हालवू गो, हलद लागते," आणि तशाच पुढच्या ओळीवर गेल्या. आख्खं चर्च हसलं.

धवलारणीबरोबर एक झेलकरी लागते, ओळीचा शेवट उचलून परत म्हणणारी. मावशींची जाऊ ते करायची, ती आता नाही. त्या ओळ सोडून क्षणभर थांबायच्या आणि ती जागा रिकामी राहायची. तिसऱ्या की चौथ्या ओळीला ग्लोरियाच्या आई बसल्या जागेवरून शेवट उचलू लागल्या. शब्द थोडे वेगळे, चाल थोडी वेगळी, पण बसत होतं. मग त्यांच्या मागच्या बाकावरच्या दोघी-तिघी म्हाताऱ्या. ग्लोरिया खांबाला टेकून उभी होती. मला म्हणाली, "मम्मी गाते हे मला माहीतच नव्हतं."

गाणं संपलं तेव्हा टाळ्या वाजायला वेळच लागला. लोकांना वाटलं अजून विधी बाकी असेल.

फेब्रुवारीत शास्त्रीय गायन होतं. या वेळी मावशींनीच माझी बेल वाजवली, "कवा निघायचं?" गायिका पुण्याहून आलेल्या, तंबोरा, तबला, पेटी. त्यांनी एकच ओळ घेतली आणि तिच्याभोवती इतका वेळ फिरत राहिल्या की माझं लक्ष दोनदा फुग्यांकडे गेलं. मावशी मात्र हलल्या नाहीत.

परतीच्या कॅबमध्ये म्हणाल्या, "ती बाय एका ओलीवर येवडा वेल बसली. कोनी तिला आटप नाय बोललं."

"का बोलतील मावशी?"

"मना बोलतात. हलदीला डीजे उभा असतो ना. पोरं बोलतात, आजी दोन ओली घ्या, फोटो झाला, चला." त्या हसल्या. "मी बी घेते दोन ओली. कोन भांडेल?"

साकेतच्या पुलावर ट्रॅफिक होतं, आणि त्या दिवशी ते मला बरंच वाटलं; मावशींना बोलायला वेळ मिळाला.

मार्चमध्ये मावशींच्या पुतण्याची हळद आमच्याच कंपाउंडमध्ये झाली. भिंतीएवढे स्पीकर लागलेले. मावशी मांडवात बसल्या आणि डीजेवाल्याला म्हणाल्या, "बंद कर. माझं झालं की सांगन." पोरं एकमेकांकडे बघायला लागली. पुतण्याने हळद लागलेल्या हाताने खूण केली आणि आवाज थांबला. मावशींनी पहिली ओळ सोडली, थांबल्या, आणि माझ्याकडे बघितलं.

मी कोकणातली, मला ना ती बोली येत, ना चाल. पण शेवटचे शब्द ऐकलेले होते, तेवढे उचलले. "हलद, हळद नाय," मावशींनी भर मांडवात दुरुस्त केलं. पुढच्या ओळीला बरोबर म्हटलं. मग मावशींची सून माझ्या शेजारी येऊन बसली, मग तिची मुलगी. मावशींनी एकही ओळ गाळली नाही. डीजेवाला स्पीकरवर बसून शेंगदाणे खात ऐकत होता.

जॅझमधलं मला आज काही गुणगुणता येत नाही आणि पुण्याच्या बाईंचा राग कोणता होता तेही आठवत नाही. गाणं ऐकायचं असतं एवढंच धरून मी तिकडे गेलेले. आता बिल्डिंगमध्ये कुणाचं लग्न ठरलं की मावशी खालून हाक मारतात आणि मी जाते. त्या हळदीच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझा घसा पार बसलेला. ग्लोरियाने विचारलं, "सर्दी?"

"नाही," मी म्हटलं. "कामाला गेलेले."